धरणाखालची नदी आणि वीज: परिचालन सूची कशी तयार करावी

जलविद्युत प्रकल्पाच्या परवान्यात नदीसाठी बहुतेकदा एकच ओळ असते: धरणाखाली अमुक टक्के पाणी सोडावे. रात्री दोन वाजता वीज केंद्राकडून 'दोन संच बंद करा' असा फोन आला, तर विमोचकावरच्या (पाणी सोडण्याच्या दरवाजावरच्या) कर्मचाऱ्याने काय करायचे हे त्या ओळीत नसते. नदी मरते ती नुसत्या कमी पाण्याने नव्हे. पाणी चुकीच्या वेळी आले, एकदम आले आणि एकदम गेले, बर्फासारखे गार आले किंवा गाळाविना आले, तरी ती मरते. म्हणून टक्केवारीवरचा वाद जरा बाजूला ठेवून जलाशय परिचालन सूची, म्हणजे वर्षभराचा सोडायच्या पाण्याचा तक्ता, नीट बांधावा. राष्ट्रीय धोरण प्रत्यक्षात उतरते ते या तक्त्यात.

आधी नदीचे तुकडे पाडा

धरण, बोगदा आणि वीजगृह नकाशावर मांडले की धरणाखालच्या नदीचे दोन वेगळे भाग दिसतात. पहिला धरणाच्या पायथ्यापासून वीजगृहापर्यंतचा. पाणी बोगद्याने पुढे गेल्यामुळे हा भाग कोरडा पडतो. दुसरा वीजगृहातून अवजल, म्हणजे टर्बाईन फिरवून झालेले पाणी, बाहेर पडते तिथून खालचा. इथे दिवसाचे एकूण पाणी कमी झालेले नसते, पण ते चार तासांत येऊन जाते. पहिल्याचे दुखणे टंचाईचे, दुसऱ्याचे हेलकाव्यांचे. दोन्हींना एकच टक्केवारी लावली की दोन्ही बिघडतात. वीजगृह धरणाच्या पायथ्यालाच असेल तर पहिला भाग उरत नाही. अवजल दुसऱ्याच खोऱ्यात जात असेल, तर मूळ नदीचे पाणी कायमचे गेले असे धरूनच हिशेब मांडावा.

प्रत्येक भागात पुढच्या उपनदीचे ठिकाण, डोह, खळाळ आणि माशांच्या अंडी घालण्याच्या जागा खुणा करून घ्या. धरणाखाली ३०० मीटरवर मोठा ओढा मिळत असेल तर टंचाईचा भाग फार लहान ठरतो. तोच ओढा १२ किलोमीटर खाली असेल तर सगळा हिशेब बदलतो.

मूळचा प्रवाह उभा करा

धरण नसते तर आज नदीत किती पाणी असते? याचे उत्तर रोजच्या आकड्यांत हवे. किमान २० वर्षांचे, शक्य असल्यास ३० वर्षांचे दैनिक प्रवाह घ्या. धरणाच्या वर सिंचनासाठी किंवा पाणीपुरवठ्यासाठी उपसा होत असेल तर तो या आकड्यांत पुन्हा जोडा, नाहीतर आधीच लुटलेल्या नदीला 'नैसर्गिक' मानून तिच्यातून पुन्हा टक्के काढले जातात. मग दर दहा दिवसांची सरासरी काढा आणि प्रवाह-कालावधी वक्र आखा. वर्षातले ९५ टक्के दिवस ज्याच्याइतका किंवा ज्याहून अधिक प्रवाह असतो तो आकडा, म्हणजे क्यू-९५, ठळक लिहून ठेवा.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, मासिक सरासरी वापरणे. पावसाळ्याच्या तोंडी एकाच महिन्यात नदी दोन क्यूमेकवरून (क्यूमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर) दोनशेवर जाते, आणि सरासरीत हे दोन्ही आकडे हरवतात. दुसरी, जलाशयाच्या पातळीतल्या फरकावरून आवक काढणे. मोठ्या जलाशयात वाऱ्याने पातळी दोन-तीन सेंटीमीटर हलली तरी आवक उणे निघते. अशा वेळी दिवसाचा आकडा तसाच न ठेवता पाच ते दहा दिवसांचा हिशेब एकत्र करा आणि वरच्या मापनकेंद्राशी ताडून पाहा.

किती पाणी: टक्केवारी कुठे चालते, कुठे नाही

अमेरिकेतल्या डोनाल्ड टेनंट यांनी १९७६ मध्ये मांडलेली पद्धत सर्वांत सोपी. वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यावर नदी जेमतेम तग धरते, ३० टक्क्यांवर बऱ्यापैकी जगते, ६० टक्क्यांवर उत्तम. पण ही पद्धत अमेरिकेतल्या, मुख्यतः बर्फाच्या पाण्यावर चालणाऱ्या नद्या पाहून बसवली होती. चार महिन्यांत वर्षाचे बहुतेक पाणी वाहून नेणाऱ्या नदीत वार्षिक सरासरीच फुगलेली असते. तिचे ३० टक्के उन्हाळ्यातल्या नैसर्गिक प्रवाहापेक्षाही जास्त भरू शकतात. मग 'हे अशक्य आहे' म्हणून पूर्ण अटच फेटाळली जाते. कारण बरोबर, निष्कर्ष चूक.

देशोदेशींचे नियम वेगवेगळे का, हे समजून घेतले तर आपला नियम नीट लिहिता येतो. स्वित्झर्लंडचा १९९१ चा जलसंरक्षण कायदा वर्षातले ३४७ दिवस टिकणारा प्रवाह पाया धरतो, म्हणजे क्यू-९५च. हा प्रवाह सेकंदाला ६० लिटर असेल तर ५० लिटर सोडावे लागतात, १,००० असेल तर ४३५, आणि ६०,००० असेल तर १०,०००. म्हणजे ओढ्याला ८३ टक्के, मोठ्या नदीला १७ टक्के. कारण उघड आहे: लहान प्रवाहातले थोडे पाणी काढले तरी खळाळ उघडा पडतो. भारतात गंगेसाठी ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना उगमापासून हरिद्वारपर्यंत हंगामावर बेतलेली आहे: नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे २५ टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के, तेही आधीच्या दहा दिवसांत मोजलेल्या सरासरीवर. हरिद्वारच्या भीमगोडा बंधाऱ्याखाली मात्र थेट आकडा दिला आहे: एरवी ३६ क्यूमेक, पावसाळ्यात ५७. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या कायद्याने क्रमच उलटा केला. माणसांच्या मूलभूत गरजा आणि नदीची गरज मिळून 'राखीव' पाणी आधी ठरते, परवाने उरलेल्यातून दिले जातात.

आपल्या प्रकल्पासाठी टक्केवारी हा पहिला अंदाज माना आणि तो नदीत उतरून तपासा. टंचाईच्या भागातले सर्वांत उथळ आठ-दहा खळाळ निवडा आणि प्रत्येकावर आडवा छेद मोजा. मग धरणातून ठरावीक पाणी सोडून, उदाहरणार्थ १, २, ४ आणि ६ क्यूमेक, प्रत्येक टप्प्यावर पाणी स्थिर होईपर्यंत थांबून खोली, वेग आणि ओला काठ (आडव्या छेदात पाण्याने भिजलेल्या तळाची आणि काठांची लांबी) नोंदवा. ओल्या काठाचा आलेख आधी भराभर चढतो आणि एका ठिकाणी वाकून सपाट होतो. त्या वाकणाच्या खालचा प्रवाह मान्य करू नका. स्थानिक माशांपैकी सर्वांत मोठा मासा खळाळ ओलांडू शकेल एवढी खोली अंडी घालण्याच्या हंगामात हवी. माशाच्या अंगाच्या उंचीच्या निदान दीडपट खोली धरली तर फारसे चुकत नाही. चाचणीचे पाणी वाया गेले अशी तक्रार येतेच. दोन दिवसांचे पाणी देऊन पुढच्या तीस वर्षांचा आकडा मिळतो, हे तेव्हा दाखवून द्या.

वीज किती जाते, ते प्रामाणिकपणे मोजा

समजा बोगद्यातून १०० मीटर शीर्ष, म्हणजे पाणी पडण्याची उंची, मिळते आणि एकूण कार्यक्षमता ९० टक्के आहे. एक क्यूमेक पाणी धरणाखाली सोडले की ८८३ किलोवॅट जातात, वर्षाला सुमारे ७७ लाख युनिट. प्रकल्पाच्या बाजूने हाच आकडा मांडला जातो, पण तो फुगलेला आहे. सांडवा वर्षातले ९० दिवस वाहत असेल तर त्या दिवसांत नदीला वेगळे पाणी द्यावेच लागत नाही, म्हणून नुकसान ५८ लाखांवर येते. शिवाय हे पाणी धरणाच्या पायथ्याशी छोट्या टर्बाईनमधून सोडता येते. तिथे ३० मीटर शीर्ष आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर २५० किलोवॅट, म्हणजे वर्षाला सुमारे २२ लाख युनिट परत मिळतात. निव्वळ तोटा ३६ लाख युनिट. पहिल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

टर्बाईन बसवली तरी शेजारी स्वतंत्र विमोचक हवाच. संच दुरुस्तीला गेला म्हणून नदीचे पाणी थांबले, ही फार जुनी कथा आहे. विमोचकाचा व्यास जलाशयाच्या किमान परिचालन पातळीवर ठरवा. त्या पातळीला नळावर १० मीटर पाणी असेल तर एक क्यूमेकसाठी सुमारे ३९ सेंटीमीटर व्यासाचे छिद्र लागते (विसर्ग गुणांक ०.६). धरण भरल्यावर, ३० मीटर पाण्याखाली, तेच छिद्र १.७ क्यूमेक सोडते, म्हणून पुढे नियंत्रक झडप लावा. पण ती पूर्ण बंद होणार नाही असा अडथळा तिच्यात ठेवा. कचराजाळी तुंबली की विसर्ग गुपचूप घटतो. ती उपसता येईल अशी बसवा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तपासा.

हेलकावे: सर्वांत दुर्लक्षित भाग

संध्याकाळी विजेची मागणी चढते, सगळे संच सुरू होतात, आणि मागणी उतरली की बंद. खाली नदी काही मिनिटांत एक मीटर चढते आणि तशीच उतरते. चढताना अळ्या आणि पिले वाहून जातात. उतरताना मात्र अधिक नुकसान होते: काठावरच्या खळग्यांत आणि वाळूच्या पट्ट्यांवर मासे अडकून मरतात. उन्हात हे तासाभरात संपते आणि सकाळपर्यंत बगळ्यांनी पुरावाही खाल्लेला असतो. त्यामुळे 'इथे मासे मरत नाहीत' असे अहवालात सहज लिहिले जाते.

उपाय तीन आहेत आणि त्यांचा हिशेब एकत्रच करावा: तळाचा प्रवाह वाढवणे, उतार हळू करणे, आणि खाली समतोल तलाव, म्हणजे हेलकावे झेलून सपाट प्रवाह सोडणारा तलाव, बांधणे.

उताराची गती पाण्याच्या पातळीत सांगा, मेगावॅटमध्ये नको. लहान मासे अडकू नयेत म्हणून पातळी तासाला १० सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरू नये, ही सामन (सॅल्मन) जातीच्या माशांवरच्या नॉर्वेतल्या प्रयोगांतून आलेली मर्यादा चांगला आरंभबिंदू आहे. खाली पहिल्या रुंद, सपाट काठाच्या जागी मापनपट्टी लावा. समजा तिथे ६० क्यूमेकला खोली १.८ मीटर आणि १० क्यूमेकला ०.७ मीटर आहे. फरक ११० सेंटीमीटर, म्हणजे उतरायला ११ तास. दररोज संध्याकाळी चालणाऱ्या वीजगृहाला हे परवडत नाही. पण तळाचा प्रवाह २५ क्यूमेक ठेवला आणि तिथे खोली १.१ मीटर असेल, तर ७० सेंटीमीटर सात तासांत उतरतात. तळाचा प्रवाह वाढवला की उताराची अटही पाळता येते. या दोन अटी वेगवेगळ्या टेबलांवर चर्चेला घेतल्या की दोन्ही फसतात.

एवढेही जमत नसेल तर समतोल तलाव. वीजगृह रोज चार तास १२० क्यूमेक सोडत असेल तर दिवसाची सरासरी २० क्यूमेक. तलावात (१२० − २०) × ४ × ३,६०० म्हणजे १.४४ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी मावायला हवे. पातळी तीन मीटर हलू दिली तर सुमारे ४८ हेक्टर जागा लागते. गाळ साचून ही जागा कमी होते, म्हणून निदान २० टक्के जादा धरा. साखळीतल्या धरणांत हे काम शेवटच्या धरणाला द्यावे: वरची धरणे मागणीप्रमाणे चालोत, शेवटचे सपाट प्रवाह सोडेल. ही वाटणी एकेका परवान्यात होत नाही, खोऱ्याच्या पातळीवरच होते. शेवटच्या धरणाच्या मालकाची बुडालेली कमाई वरच्यांनी भरून द्यावी, असा करार नसेल तर ही सूची कागदावरच राहते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीवरचे ग्लेन कॅनियन धरण नियम लिहिण्याचा चांगला नमुना आहे. १९९६ च्या निर्णयात दिवसा किमान सुमारे २२७ क्यूमेक, रात्री १४२, कमाल ७०८, तासाला वाढ जास्तीत जास्त ११३ आणि घट ४२ अशा मर्यादा स्पष्ट होत्या. घटीची मर्यादा वाढीच्या निम्म्याहून कमी आहे, हे लक्षात घ्या. २०१८ पासून तिथे उन्हाळ्याच्या महिन्यांत शनिवार-रविवारी पाणी स्थिर आणि कमी ठेवण्याचा प्रयोग झाला. पाण्याच्या रेषेलगत घातलेली किड्यांची अंडी कोरडी पडू नयेत म्हणून. त्या दोन दिवशी विजेची मागणीही कमी असते, त्यामुळे तोटा थोडा होतो.

संच अचानक बंद पडला तर काय, हे सूचीत वेगळे लिहा. पेल्टन टर्बाईनला विचलक असतो: वीज थांबली तरी पाण्याची धार बाजूला वळवून प्रवाह काही काळ चालू ठेवता येतो. फ्रान्सिस टर्बाईनमध्ये तसे होत नाही, तिथे बाजूने पाणी सोडणारी स्वयंचलित झडप बसवावी लागते. ती वर्षातून दोनदा खरोखर चालवून पाहा. वापरात नसलेली झडप नेमकी हवी तेव्हा अडकते.

गार, श्वास नसलेले पाणी

खोल जलाशय उन्हाळ्यात थरांमध्ये विभागतो. वर कोमट पाणी, तळाशी थंड आणि ऑक्सिजन संपलेले, त्यात विरघळलेले लोह, मँगनीज आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड. टर्बाईनचे तोंड खोल असेल तर हेच पाणी नदीत जाते. प्रमाण अगदी बरोबर सोडले, तरीही मासे अंडी घालत नाहीत, कारण पाणी गरम होण्याची खूणच त्यांना मिळत नाही. जलाशयात महिन्यातून एकदा दर दोन मीटर खोलीवर तापमान आणि ऑक्सिजन मोजा. बहुपातळी प्रवेशद्वार हा खरा उपाय. अमेरिकेत फ्लेमिंग गॉर्ज धरणाला १९७८ मध्ये आणि शास्ताला १९९७ मध्ये ते नंतर बसवले. एकाने कोमट पाणी घेण्यासाठी, दुसऱ्याने थंड. आपल्या नदीला कोणते हवे ते आधी ठरवा. ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमखाली जात असेल तर टर्बाईनमध्ये हवा ओढण्याची सोय करा. कार्यक्षमता एखाद-दोन टक्क्यांनी घटते, पण खाली नदी श्वास घेते. उलट सांडव्याचे पाणी खोल कुंडात आदळले की त्यात हवा जास्त विरघळते. एकूण वायू ११० टक्के संपृक्ततेच्या पुढे गेले तर माशांच्या रक्तात बुडबुडे होतात. सांडव्याच्या पायथ्याशी प्रवाह वर उचलणारी ओठासारखी कड हा त्यावरचा उपाय.

गाळ अडवला तर नदी स्वतःला खाते

स्वच्छ पाणी नदीला चांगले वाटते, प्रत्यक्षात ते भुकेले असते. धरणाने वाळू-गोटे अडवले की खालचे पाणी तळ आणि काठ खरवडते, पुलांचे पाये उघडे पडतात. म्हणून गाळ पुढे जाऊ द्यावा, मात्र मोठ्या पुरात, जेव्हा खालची नदी तशीही गढूळ असते. कोरड्या हंगामात तळविमोचक उघडून साचलेला चिखल एकदम सोडणे ही सर्वांत घातक चूक: कल्ले चोंदतात, ऑक्सिजन पडतो, आणि पुढचा पूर येईपर्यंत खडकांवर गाळाची साय बसून राहते. फ्रान्समधल्या ऱ्होन नदीवरच्या जेनिसिया धरणात वेगवेगळ्या पातळ्यांवरचे विमोचक एकत्र चालवून गाळ सोडतात, म्हणजे तळाचे गढूळ आणि वरचे स्वच्छ पाणी मिसळते. तिथली मर्यादा संपूर्ण कामात सरासरी लिटरला ५ ग्रॅम, आणि अर्ध्या तासाच्या सरासरीत १५ ग्रॅम अशी आहे. या धर्तीवर आपली मर्यादा ठरवा, खाली दोन ठिकाणी दर १५ मिनिटांनी नमुना घ्या, मर्यादा गाठली की वरचे दरवाजे आणखी उघडा. काम संपल्यावर सहा ते बारा तास स्वच्छ पाण्याने नदी धुऊन काढा. हे पाणी आधीच राखून ठेवावे लागते.

माशांची वाट

माशांची शिडी, म्हणजे पायऱ्यांसारखी एकावर एक कुंडे, कुठे चालते याचा हिशेब सोपा आहे. दोन कुंडांतला पाण्याचा फरक २० सेंटीमीटर असेल तर फटीतला वेग सेकंदाला २ मीटर होतो, १० सेंटीमीटरला १.४ मीटर. आपले मासे किती वेगाने पोहतात त्यावर फरक ठरवा. कुंड पुरेसे मोठे नसेल तर पाणी घुसळते आणि मासा दमतो. घुसळणीची शक्ती कुंडातल्या पाण्याच्या घनमीटरला १५० वॅटच्या आत ठेवायची तर ०.३ क्यूमेक आणि २० सेंटीमीटर फरकाला सुमारे ३.९ घनमीटरचे कुंड लागते, म्हणजे २.६ मीटर लांब, १.९ रुंद, ०.८ खोल. ३० मीटर उंच धरणाला अशी १५० कुंडे! एवढ्या उंचीला माशांची लिफ्ट किंवा पकडून वर नेणे हेच पर्याय उरतात, आणि परत खाली येणाऱ्या पिलांचा प्रश्न तसाच राहतो. शिडीचे तोंड अवजलाच्या धारेलगतच हवे. दूर, शांत पाण्यात बांधलेली सुबक शिडी माशाला सापडतच नाही. टर्बाईनच्या तोंडावरच्या जाळीसमोर वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत ठेवा.

सूची लिहिताना

एका पानाचा तक्ता: उभे ३६ दहा-दिवसीय कालखंड, आडवे पाच रकाने. टंचाईच्या भागासाठी किमान विसर्ग, अवजलाखाली किमान विसर्ग, तासाची चढ-उतार मर्यादा, पाणी घेण्याची पातळी, आणि त्या कालखंडातले खास काम (गाळ सोडणे, पुराची लाट, अंडी घालण्याचा काळ). दुष्काळासाठी वेगळा तक्ता हवा, आणि तो कोणत्या तारखेला, कोणत्या साठ्याला लागू होतो हेही आधीच लिहिलेले हवे. ऐन टंचाईत बैठक बोलावली की नदीचा वाटा सर्वांत आधी कापला जातो. 'आवक किंवा ठरलेला आकडा, यांतले जे कमी ते' ही अट साठा नसलेल्या प्रकल्पाला ठीक आहे. महिनोन्महिने पाणी साठवणाऱ्या धरणाला ती दिली तर पळवाट होते.

मोजणी दरवाज्याच्या उघडझापेवरून नको, धरणाखालच्या मापनकेंद्रावर करा, पहिली उपनदी मिळण्याच्या आधी. नाहीतर ओढ्याचे पाणी धरणाच्या नावावर जमा होते. नोंद दर १५ मिनिटांनी, सर्वांना पाहता येईल अशी. पातळी-विसर्ग वक्र (पातळीवरून विसर्ग काढण्याचा आलेख) प्रत्येक मोठ्या पुरानंतर नव्याने तपासा. पुरात तळ अर्धा मीटर खरवडला गेला तर जुना वक्र चुकीचा विसर्ग दाखवतो, तोही नेमका कमी प्रवाहाच्या दिवसांत.

देशाच्या पातळीवर दोन निर्णय धरणागणिक घेता येत नाहीत. पहिला, कोणत्या नद्या वा उपनद्या पूर्ण मोकळ्या सोडायच्या. एका उपनदीवरचे दहा छोटे प्रकल्प मिळून जेवढी वीज देतात तेवढी अस्तित्वातल्या मोठ्या वीजगृहाचे संच बदलून मिळते का, हे आधी पाहावे. दुसरा, संध्याकाळच्या मागणीचा भार कुणी उचलायचा. नदीबाहेरच्या दोन तलावांत पाणी फिरवणारे उदंचन प्रकल्प, समुद्रात किंवा मोठ्या जलाशयात अवजल सोडणारी वीजगृहे यांना तो आधी द्यावा, लांब मोकळ्या नदीवरच्यांना शेवटी. खर्चाचा तोडगाही देशपातळीवरचाच: स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक युनिटवर ०.१ रापेन (रापेन म्हणजे स्विस फ्रँकचा शंभरावा भाग) अधिभार घेऊन जुन्या वीजगृहांना हेलकावे, गाळ आणि माशांच्या वाटेच्या सुधारणांची भरपाई दिली जाते, आणि कामांची मुदत २०३० ठरली आहे. जुन्या परवान्यात नवी अट घालता येत नसेल तर नूतनीकरणाची तारीख शोधून ठेवा आणि त्याच्या पाच वर्षे आधीपासून मोजणी सुरू करा.